पिंजऱ्याचं दार पडल्यावर

कराड तालुक्यात, पाटणच्या मोरणा खोऱ्यात, शिराळ्याच्या वारणाकाठी हे दृश्य आता नवं राहिलेलं नाही. उसाच्या बांधावर लोखंडी पिंजरा, त्याच्या मागच्या कप्प्यात शेळी, वर उसाचं वाडं आणि पाचट टाकून केलेला आडोसा. दोन रात्री, चार रात्री काहीच होत नाही. मग एका पहाटे दार पडल्याचा आवाज येतो आणि तासाभरात निम्मं गाव मोबाईल घेऊन तिथं जमतं. आतलं जनावर गजांवर धडका मारून तोंड रक्तबंबाळ करून घेतं, सुळे तोडून घेतं. वनखात्याची गाडी येते, पिंजऱ्यावर कापड पडतं, गाडी निघून जाते. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते आणि तिच्या शेवटी लिहिलेलं असतं की, बिबट्याला नैसर्गिक अधिवासात सोडण्यात आलं.

या शेवटच्या वाक्याकडे गावात कुणीच लक्ष देत नाही. आपल्या शिवारातून तो गेला, एवढं गावाला पुरेसं असतं. पण पुढच्या सगळ्या प्रश्नाचं मूळ त्या वाक्यातच आहे. कुठला अधिवास? किती लांब? तिथं आधीपासून कोण राहतं? आणि इथली मोकळी झालेली जागा आता कोण घेणार?

अधिवासापासूनच सुरुवात करू. बिबट्याचं घर जंगलात, तो वाट चुकून उसात आला, असं आपण गृहीत धरतो. कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात हे गृहीतक कधीच खोटं ठरलंय. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो. माणूस दोन सऱ्या आत गेला तरी दिसत नाही, इतका तो दाट. पाटाचं पाणी जवळ, सावली कायम, रानडुकरं त्याच पिकात, आणि वस्तीच्या कडेला मोकाट कुत्री, उघड्या गोठ्यात शेळ्या, पोल्ट्रीच्या मागं टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या. बिबट्याच्या मादीला पिल्लं द्यायला आणखी काय लागतं? उसात जन्मलेली मादी उसातच वाढते आणि तिथंच पुढची पिल्लं देते. अशा बिबट्यानं चांदोलीचं जंगल डोळ्यांनी पाहिलेलंही नसतं. कोयना धरण झालं, वारणेचं झालं, पुढे ताकारी-टेंभूचं पाणी दुष्काळी पट्ट्यात गेलं, त्याच्या मागोमाग ऊस गेला. आता कडेगाव-पलूसकडूनही बिबट्या दिसल्याच्या बातम्या येतात. त्यात नवल नाही. ज्या शिवारात आपण पाणी नेलं, त्या शिवारात तो आला.

अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बारकाईनं काम केलंय. जंगलाचं नाव नसलेल्या, दर चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं राहणाऱ्या त्या बागायती भागात त्यांना शंभर चौरस किलोमीटरमागं साधारण पाच प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या विष्ठेतून खाण्याचा हिशेब काढला, तर भक्ष्याच्या एकूण वजनात पाळीव आणि गावातल्या जनावरांचा वाटा ८७ टक्के निघाला, त्यातला ३९ टक्के एकट्या कुत्र्यांचा. शेळ्यांचा वाटा त्याच्या कितीतरी खाली होता. म्हणजे हे जनावर आपल्या शिवारात पाहुणं नाही, रहिवासी आहे. २०२२ च्या देशव्यापी गणनेत महाराष्ट्रात १,९८५ बिबट्यांचा अंदाज निघाला, पण ती मोजणी मुख्यतः जंगलांतली. उसातले बिबटे त्या आकड्यात धरलेलेच नाहीत.

आता पिंजऱ्यात सापडलेल्या अशा रहिवाशाला उचलून साठ-सत्तर किलोमीटरवर सोडलं तर काय होतं? त्याचं उत्तर शोधायला आपल्याला परदेशात जायची गरज नाही. आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यानं ते फार मोठी किंमत मोजून दिलंय.

जुन्नर वनविभागात १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. २००१ पासून तिथं धडाक्यानं बिबटे पकडायला सुरुवात झाली. पकडायचे आणि सरासरी ४० किलोमीटरवरच्या जंगलात नेऊन सोडायचे. हेतू चांगलाच होता. हल्ले कमी होतील अशी सगळ्यांची अपेक्षा होती. ते वर्षाला सरासरी १७ वर गेले. हल्ले जास्त जीवघेणे झाले आणि त्यातले बरेच हल्ले, बिबटे जिथं सोडले त्या ठिकाणांच्या आसपास झाले. २०११ साली ‘कॉन्झर्व्हेशन बायोलॉजी’ या नियतकालिकात या सगळ्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेनं २००२ ते २००४ या काळात जो हाहाकार माजला, त्याच्याही आधी बाहेर पकडलेले बिबटे त्या उद्यानात आणून सोडले गेले होते. तो प्रकार थांबला, कचरा आणि कुत्र्यांकडे लक्ष गेलं, लोकांशी बोलणं सुरू झालं, आणि मग हल्ले उतरले.

असं का होतं, हे समजायला बिबट्याच्या जगण्याकडे बघावं लागतं. रहिवासी नर-मादी आपापला इलाखा राखून असतात. कुठल्या वस्तीत किती वाजता दिवे मालवतात, कुठला कुत्रा बांधलेला असतो, कुठल्या ओढ्यानं गेलं की माणूस आडवा येत नाही, हे त्यांना पाठ असतं. माणसाला टाळून जगण्याचं हे शहाणपण त्या जागेशी बांधलेलं आहे. जागा सुटली की ते उपयोगाचं राहत नाही. अनोळखी रानात तो आधीच्या मालकाकडून मार खातो, भुकेजतो, घरच्या दिशेनं चालू लागतो आणि वाटेत भर दिवसा माणसांच्या पुढ्यात येतो. पिंजऱ्यातल्या चार-सहा दिवसांत सुळे आणि नखं तुटलेली असली तर रानातली चपळ शिकार त्याच्या हाती लागत नाही, मग जे सोपं आहे ते तो धरतो. इकडे आपल्या शिवारात त्याची मोकळी झालेली जागा फार दिवस रिकामी राहत नाही. शेजारचे दोन-तीन तरणे बिबटे तिच्यासाठी येतात. ते नवखे असतात, आपसात भांडतात, गोठे फिरून बघतात. ज्या गावानं एक बिबट्या घालवला त्याच गावात महिन्याभरात दोन दिसायला लागले, हा अनुभव आपल्याकडच्या शेतकऱ्यांना आहे. ते म्हणतात, वनखात्यानं दुसरीकडचा आणून सोडला. बहुतेक वेळा ते तसं नसतं, आपणच जागा मोकळी केलेली असते. पण हा संशय उगाच आलेला नाही. कुठला बिबट्या कुठं सोडला हे खातं कधी उघडपणे सांगतच नाही.

चालत जाण्याची गोष्ट निघाली तर आजोबाची आठवण काढायलाच हवी. २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ एक म्हातारा नर विहिरीत पडला. त्याला काढून, गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा घालून माळशेज घाटात सोडलं. त्याचं नाव पडलं आजोबा. त्यानं महिन्याभरात सुमारे सव्वाशे किलोमीटर चाल केली, रेल्वे आणि महामार्ग ओलांडले, वसईची खाडी पोहून पार केली आणि तो मुंबईच्या उद्यानाच्या हद्दीत पोचला. वाटेत एकाही माणसाला त्यानं इजा केली नाही. २०११ च्या डिसेंबरात महामार्गावर गाडीच्या धडकेत तो मेला. सुजय डहाकेंचा ‘आजोबा’ हा सिनेमा त्याच्यावरच बेतलेला. त्या जनावराचं कौतुक सगळ्यांनी केलं, मीही केलं. पण घाटात सोडलेलं जनावर घाटात राहत नाही, हा त्याच्या चालण्याचा अर्थ आपण पुरेसा मनावर घेतला नाही.

सात समुद्रापलीकडचं एक उदाहरण इथं सांगायला हवं, कारण ते बिबट्यासारख्या धाक बसवणाऱ्या जनावराचं नाही. अमेरिकेत रॅकून नावाचा मांजरापेक्षा थोडा मोठा, डोळ्यांवर काळा पट्टा असलेला प्राणी आहे. आपल्याकडच्या उदमांजरासारखा रात्री फिरतो, कोंबड्या आणि मका खातो, माळ्यावर बिऱ्हाड करतो. शेतकरी पिंजरा लावून त्याला धरतात. मग प्रश्न तोच, आता याचं करायचं काय? सत्तरच्या दशकात शिकारीच्या हौसेसाठी आग्नेयेकडचे रॅकून पकडून व्हर्जिनियाच्या बाजूला नेऊन सोडले गेले. त्यातल्या काहींना रेबीज होता. तिथून जी साथ सुरू झाली ती अमेरिकेच्या अख्ख्या पूर्व किनाऱ्यावर पसरली. आज तिथल्या अनेक राज्यांत पकडलेला रॅकून लांब नेऊन सोडणं हा गुन्हा आहे. आपली ब्याद दुसऱ्याच्या शिवारात टाकायची नाही, हे त्यांना रोगानं शिकवलं. आपल्याला ते जुन्नरनं शिकवलं आहे.

आणि इथं मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट येते. कराडच्या बागायतीतला बिबट्या उचलून जिथं नेला जातो, तिथं कुणीच राहत नाही का? सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली झाला. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून तो सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलाय. त्याच्या कडेनं ढेबेवाडी खोरं आहे, मोरणा आहे, गुढे-पाचगणीचं पठार आहे, खाली कोकणात चिपळूण-संगमेश्वरच्या वाड्या आहेत. या डोंगरपट्ट्यातल्या माणसांनी आधी धरणासाठी गावं दिली, मग अभयारण्यासाठी दिली. जी उरली ती चार गुंठे नाचणी-भातावर आणि दोन म्हशींवर जगतात. त्यांच्याकडे ना बागायतदाराचा बंगला, ना सिमेंटचा गोठा, ना आमदाराला फोन लावणारा सोसायटीचा चेअरमन. ज्याचा आवाज मोठा त्याच्या शिवारातलं संकट उचलायचं आणि ज्याचा आवाज पोचत नाही त्याच्या दारात सोडायचं, याला व्यवस्थापन म्हणता येणार नाही. हा अन्याय आहे. कराड-वाळव्याच्या सधन पट्ट्यातल्या माझ्या शेतकरी बंधूंना तो रुचणार नाही याची मला कल्पना आहे, तरी मी तो शब्द मागं घेणार नाही.

यावर कुणी म्हणेल, मग ताडोबातून वाघीण आणून चांदोलीत सोडली ती कशी चालली? २०२५ च्या नोव्हेंबरात चंदा नावाची वाघीण तिथं आणली गेली, हे खरं. पण त्या कामाची रीत बघा. ज्या जंगलात वाघांची संख्या नगण्य झाली होती, तिथं ती मुद्दाम निवडून आणली. आधी बंदिस्त आवारात ठेवून जागेची सवय केली. गळ्यात पट्टा, मागावर माणसं, केंद्राची परवानगी, वर्षानुवर्षांची तयारी. पिंजऱ्यात सापडला म्हणून रातोरात गाडीत घालून नेलेल्या बिबट्याच्या नशिबी यातलं काहीही नसतं. एका कामाला योजना म्हणतात आणि दुसऱ्याला विल्हेवाट.

जनावर त्याच्या जागीच सोडावं, याची सापाच्या बाबतीत आपल्याच मातीत जाण होती. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी सगळ्यांना माहीत आहे. सणाआधी रानातून धरलेले नाग सण झाला की ज्या शेतातून धरले तिथंच परत सोडायचे, असा दंडक शिराळकर आजही अभिमानानं सांगतात. २०१४ पासून न्यायालयाच्या आदेशानं जिवंत नागांचे खेळ आणि मिरवणुका थांबल्या. ते योग्यच झालं. नागाला धरणं, तोंड आवळणं, गर्दीत फिरवणं यात त्याचे हाल होते. पण त्या दंडकात एक पक्की समज होती: जनावराला त्याचं बीळ माहीत असतं, दुसऱ्याच्या रानात ते तगत नाही.

पण हे सगळं बोलताना समोर कोण बसलंय हे विसरून चालणार नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात कराड तालुक्यातल्या येणक्यात एका ऊसतोड मजुराचं लहान मूल बिबट्यानं नेलं. त्या आईला मी अकोल्याचे टक्के सांगू शकत नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात काही आठवड्यांच्या अंतरानं लहान मुलांचे बळी गेले, म्हातारं माणूस गेलं. लोकांनी रस्ते अडवले, वनखात्याच्या गाड्या पेटवल्या, आणि अखेर नरभक्षक ठरवलेल्या बिबट्याला गोळी घातली गेली. त्या गावाचा संताप मला चुकीचा वाटत नाही. माणसाला भक्ष्य म्हणून हेरायला लागलेला बिबट्या मोकळा राहता कामा नये, जवळही नाही आणि लांबही नाही. तो नेमका तोच आहे याची पावलांवरून, कॅमेऱ्यावरून, लाळेच्या तपासणीवरून खात्री करून त्याला कायमचा बंदिस्त करावा आणि ते जमत नसेल तर मारावा. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ११ मुख्य वन्यजीव रक्षकाला हा अधिकार देतं, कारणं लेखी नोंदवून. निसर्गप्रेमींनी अशा वेळी आडवं पडू नये. एका माणसाच्या जिवापुढे एका बिबट्याचा जीव मोठा नाही, आणि हे स्पष्ट बोललो नाही तर बाकी शेकडो निरुपद्रवी बिबट्यांसाठी बोलण्याचा आपला अधिकारही उरत नाही.

पण पिंजरे लावले जातात ते बहुतेक वेळा अशा बिबट्यासाठी नव्हे. रस्ता ओलांडताना कुणाच्या तरी गाडीच्या दिव्यात तो दिसलेला असतो. कुणाचं कुत्रं गेलेलं असतं. सीसीटीव्हीत शेपूट दिसलेली असते. ग्रामपंचायत ठराव करते, नेत्याचा फोन जातो, पिंजरा येतो. पिंजऱ्याला कुत्रं खाणारा कोण आणि माणूस मारणारा कोण हे कळत नाही. शेळीच्या ओरडण्यानं जो जवळ येईल तो अडकतो, आणि तो बहुतेकदा आईपासून नुकतं सुटलेलं, शिकारीत कच्चं पोर असतं. अशा बिबट्याचं काय करायचं याचं उत्तर केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयानं एप्रिल २०११ मध्येच मार्गदर्शक सूचनांत देऊन ठेवलंय. सरसकट स्थलांतर टाळावं, विहिरीत पडलेला किंवा चुकून अडकलेला निरोगी बिबट्या सापडला त्याच परिसरात सोडावा, माणसावर हल्ले केलेला मात्र परत सोडू नये. त्या सूचनांना आता दीड दशक होत आलं. जिथं पकडला तिथंच सोडायचं म्हटलं की गाव उठतं, म्हणून अधिकारी ते कागद बाहेर काढत नाहीत. मला त्यांची अडचण कळते. वनरक्षकाला त्याच गावात रोज जायचं असतं. पण म्हणूनच ही गोष्ट पिंजरा लावण्याआधी गावाला सांगायची आहे, दार पडल्यावर नाही.

मग सगळे पकडून कायमचे कोंडा, ही दुसरी मागणी. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्या निवारण केंद्र आहे. तिथं तीन पायांचे, आंधळे, म्हातारे, पिल्लू असतानाच माणसाळलेले बिबटे वर्षानुवर्षं सांभाळले जातात. एक बिबट्या पिंजऱ्यात पंधरा वर्षंही जगू शकतो. त्याला रोज मांस लागतं, डॉक्टर लागतो, सांभाळणारा माणूस लागतो. शिवारातले सगळे बिबटे कोंडायचे म्हटलं तर राज्यात अशी किती केंद्रं बांधणार? जुन्नरचे बिबटे गुजरातेतल्या वनतारा या प्राणी केंद्रात पाठवायचा विचार झाला, नसबंदीच्या प्रयोगाला केंद्रानं पाच बिबट्यांपुरती मान्यता दिली. प्रयोग जरूर व्हावा, त्यातून कळेल ते कळेल. पण ज्या मादीची नसबंदी केली ती आपल्या जागेत राहिली तरच त्याचा काही उपयोग आहे. तिला लांब नेली की नसबंदी न झालेली दुसरी तिच्या जागेवर येणार. म्हणजे फिरून मुद्दा जागेवरच येतो.

एका बाबतीत मात्र आपल्या भागानं खरोखर चांगलं काम करून दाखवलंय. गळीत हंगाम सुरू झाला की फड तोडता तोडता पिल्लं सापडतात. दोन, कधी तीन, डोळे नुकते उघडलेली. पूर्वी ती उचलून थेट नेली जायची आणि आयुष्यभर पिंजऱ्यात वाढायची. पिल्लं गेलेली आई त्या शिवारात पिसाळल्यासारखी फिरायची. आता कराडकडे आणि शिराळ्याकडे वनखात्याची माणसं आणि वन्यजीवांसाठी झटणारे कार्यकर्ते ती पिल्लं डॉक्टरांकडून तपासून घेतात आणि सापडली त्याच जागी संध्याकाळी क्रेटमध्ये ठेवतात. तोड थांबवतात, माणसं लांब काढतात, झाडाला कॅमेरा बांधतात. रात्री आई येते. क्रेट पंजानं कलंडवते, एकेकाला तोंडात धरून नेते. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवतात. यासाठी ज्या शेतकऱ्यानं आपली तोड एक दिवस अडवून धरली आणि ज्या टोळीनं त्या दिवसाची मजुरी सोडली, त्यांचं नाव कुठल्या बातमीत येत नाही. यायला हवं. टोळीच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई साखर कारखान्यानं द्यायला हवी. कारखान्याला ती रक्कम जाणवणारसुद्धा नाही.

हे काम यशस्वी का होतं? कारण त्यात बिबट्याला त्याच्या जागेवरून हलवलं जात नाही, माणसं बाजूला होतात. पिल्लाबाबत जे आपल्याला पटलं ते मोठ्या जनावराबाबत पटायला एवढा वेळ का लागावा?

जनावर हलवायचं नाही म्हटलं की माणसाच्या जगण्यात बदल करावा लागतो आणि त्याला पैसे लागतात. तिथंच सगळ्यांचा आवाज बसतो. शेतीपंपाला थ्री-फेज वीज पाळीपाळीनं रात्रीची मिळते. शेतकरी रात्री अकराला, दोनला बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला जातो, सरीत वाकून दारं मोडतो. बिबट्याला वाकलेला माणूस चार पायांच्या जनावराएवढा दिसतो. हा धोका बिबट्यानं तयार केलेला नाही. दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ला आली, २०२३ ला तिचा दुसरा टप्पा आला. बिबट्यासाठी मोर्चा काढणाऱ्या गावांनी तोच मोर्चा आपला फीडर दिवसा सुरू व्हावा म्हणून काढला, तर पिंजऱ्यापेक्षा कितीतरी जास्त जीव वाचतील.

आणि ऊसतोड मजूर. बीडहून, जतच्या माळावरून कुटुंबच्या कुटुंबं येतात. तोडलेल्या फडाच्या कडेला कापडाच्या खोपीत राहतात, आई-बाप पहाटे चारला कोयता घेऊन फडात, पोरं खोपीत किंवा बांधावर झोपलेली. शौचाला उसात जायचं. येणक्याचं मूल गेलं ते याच जगण्यातून. बागायतदाराच्या घरातलं मूल बंद दाराआड झोपतं, म्हणून आपल्या बागायती पट्ट्यात या संकटाची सगळ्यात जड किंमत बाहेरून आलेली, इथल्या मतदार यादीत नसलेली माणसं मोजतात. कारखान्यांनी गावाजवळ पक्क्या छपराखाली, दिवे आणि संडास असलेले तळ उभारावेत, लहान मुलांसाठी दिवसभर चालणारी पाळणाघरं काढावीत. कृष्णा, सह्याद्री, राजारामबापू, क्रांती, विश्वास हे कारखाने सहकाराच्या नावानं उभे आहेत. या सहकारात ऊस तोडणाऱ्याचं मूल धरलंय की नाही, हे सभासदांनी वार्षिक सभेत विचारायला हवं. माणूस गेल्यावर सरकार २५ लाख देतं. तेवढ्या पैशात एका हंगामाआधी किती खोपींभोवती जाळी आणि दिवे लागतील, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

गोठ्याचंही तसंच. दारं लागणारा, वरून जाळी असलेला गोठा बांधला की बिबट्याला शेळी मिळत नाही. शेळी नाही, कुत्री आटोक्यात, कोंबड्यांची घाण उघड्यावर नाही, तर त्या शिवारात तो टिकेल, पण कमी संख्येनं टिकेल आणि दारापर्यंत येणार नाही. शेळीची भरपाई मात्र आठवड्यात मिळाली पाहिजे. पंचनाम्यासाठी तीन हेलपाटे आणि पैशासाठी वर्ष, असं झालं की शेतकरी मेलेल्या शेळीत विष घालतो. कायद्यानं त्याला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते, पण आधी त्याला त्या टोकाला ढकलणाऱ्या दिरंगाईबद्दल कुणाला तरी जाब विचारा.

येत्या गळीत हंगामात तुमच्या गावात पिंजरा लावायचा ठराव आला, तर ग्रामसभेत उभे राहा आणि वनक्षेत्रपालांना विचारा: यानं माणसावर हल्ला केल्याचा पुरावा काय? सापडल्यावर तो कुठं सोडणार? आणि तो जिथं सोडणार त्या गावाला कळवलंय का? ही तिन्ही उत्तरं ठरावाच्या खाली लिहून घ्या. ती मिळत नसतील तर पिंजरा परत पाठवा आणि त्याच सभेत दिवसाच्या विजेचा ठराव करा.